रोज लिहून ब्लॉग वाढत नाही

मराठीत ब्लॉग सुरू करणाऱ्या माणसाला आज मिळणारा सल्ला जवळजवळ ठरलेला आहे. रोज काहीतरी टाका. लेख छोटा ठेवा, कारण लोक वाचत नाहीत. आधी शोधशब्द काढा, मग विषय ठरवा. लिहून झालं की दिसेल त्या व्हॉट्सॲप गटावर पाठवा. आणि खरंच वाचक हवे असतील तर मराठीचा हट्ट सोडा. कार्यशाळांमध्ये, यूट्यूबवरच्या मार्गदर्शनात, घरबसल्या कमाई शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांत हीच यादी फिरत असते. ती देणारे सगळे लबाड नसतात, पुष्कळांना ती मनापासून पटलेली असते. तरीही हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याने मराठी ब्लॉगांचं मोठं नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. चांगलं लिहू शकणारी माणसं तो इमानदारीने पाळतात, दोन-तीन महिन्यांत दमतात आणि आपल्यालाच लिहिता येत नाही असा समज करून घेऊन थांबतात. दोष त्यांचा नसतो, सल्ल्याचा असतो.

‘रोज लिहा’ हा या यादीतला सगळ्यात मानाचा सल्ला. तो आला कुठून हे आधी पाहू. ब्लॉगर ही सेवा १९९९ साली सुरू झाली, २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी वर्डप्रेसही आलं. युनिकोडमुळे देवनागरी टंकन सोपं होत गेलं आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी ब्लॉग भराभर निघाले. तेव्हा वाचक ब्लॉगपर्यंत पोहोचायचा तो मुख्यतः सूच्यांमधून. ‘मराठी ब्लॉग विश्व’वर नव्या नोंदी ओळीने दिसायच्या, ताजी नोंद सगळ्यात वर. अनेकजण गूगल रीडरमध्ये आवडते ब्लॉग जोडून ठेवायचे आणि कोणी काय नवं लिहिलं ते तिथेच बघायचे. या व्यवस्थेत रोज लिहिणाऱ्याला खरोखर फायदा होता, कारण रोज लिहिलं की रोज नाव वर यायचं. मुंबईच्या अमित वर्मांचा ‘इंडिया अनकट’ हा इंग्रजी ब्लॉग २००४ मध्ये सुरू झाला. त्यावर एका दिवसात अनेक नोंदी पडायच्या, लोक त्या आवडीने वाचायचे आणि त्याचं नावही झालं. त्या काळाला ती पद्धत शोभत होती.

तो काळ संपला. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झालं. सूच्या ओस पडल्या. आज ब्लॉगच्या मुखपृष्ठावर ‘आज काय नवीन’ असं बघायला येणारा वाचक फार थोडा उरला आहे. बहुतेक वाचक थेट एखाद्या लेखावर उतरतात. गूगलवर काहीतरी शोधताना तो लेख त्यांना सापडलेला असतो, किंवा कोणीतरी दुवा पाठवलेला असतो. तुम्ही काल लिहिलं होतं की तीन महिन्यांपूर्वी, याचा त्यांना पत्ताही नसतो आणि त्याची गरजही नसते. त्यांच्यासमोर एकच पान असतं. ते पान कामाचं निघालं तर ते दुसरं उघडतात, नाहीतर परत जातात. हे एकदा ध्यानात घेतलं की ब्लॉग चालवण्याचं सगळं गणित बदलतं. तुमची मोजणी आता या महिन्यात किती लेख टाकले याची उरत नाही. पाच वर्षांनी उघडलं तरी उपयोगी पडेल असं एखादं पान या महिन्यात लिहून झालं का, हा प्रश्न विचारायचा असतो.

रोज लिहिण्याच्या नादात प्रत्यक्षात काय होतं, हे मराठी ब्लॉग वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पहिले आठ-दहा लेख जीव ओतून लिहिलेले असतात, कारण ते वर्षानुवर्षं मनात साठलेले असतात. मग विषय आटतात. मग दिनविशेष सुरू होतात, सणांच्या शुभेच्छा येतात, थोर पुरुषांच्या जयंतीला विश्वकोशातून उतरवलेले चार परिच्छेद येतात, वर्तमानपत्रातल्या बातमीवर दोन ओळींचं मत येतं. यातलं काहीही शोधून कोणी तुमच्याकडे येणार नाही. शिवाय जे पहिले दहा चांगले लेख होते ते या ढिगाऱ्याखाली जातात. नवा वाचक ब्लॉग उघडतो तेव्हा त्याला मकरसंक्रांतीच्या शुभेच्छा दिसतात.

यावर दोन उत्तरं दिली जातात आणि दोन्ही ऐकून घेण्यासारखी आहेत. पहिलं असं की रोज लिहिल्याने हात वळतो. अगदी खरं आहे. रोज लिहाच. पण रोज प्रसिद्ध करायला कोणी सांगितलं? वहीत लिहा, मसुद्यात ठेवा, तीन वेळा मोडून पुन्हा लिहा. सराव करणं आणि लोकांच्या पुढ्यात ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं उत्तर म्हणजे सेथ गोडिनचं उदाहरण. हा अमेरिकन लेखक वर्षानुवर्षं रोज लिहितो आणि लाखो लोक त्याला वाचतात. पण ते लोक त्याची पुस्तकं आधी वाचून आलेले असतात आणि त्याची छोटी टिपणं त्यांच्या ईमेलमध्ये रोज पोहोचतात. ज्याचं नाव अजून कोणाला माहीत नाही अशा माणसाने त्याची नक्कल करून काही साधत नाही. उलट बाजूचं उदाहरण हवं असेल तर टिम अर्बनचा ‘वेट बट व्हाय’ बघा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या ब्लॉगवर लेख क्वचित येतात, ते वाचायला कधी कधी तास जातो आणि तरी जगभर वाचले जातात.

आपल्याकडे तर याहून जवळची उदाहरणं आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ च्या जानेवारीत निघाली. एकट्या माणसाने जवळजवळ सगळा मजकूर स्वतः लिहून चालवलेलं ते मासिक होतं. त्याचे ८४ अंक निघाले. चिपळूणकरांशी तुमचे-माझे कितीही मतभेद असोत, एकाच माणसाने काढलेल्या त्या महिन्याच्या अंकांची दखल मराठी गद्याच्या प्रत्येक इतिहासाला घ्यावी लागते. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक तर मला प्रत्येक ब्लॉग लिहिणाऱ्याने अभ्यासावं असं वाटतं. जुलै १९२७ मध्ये ते सुरू झालं आणि नोव्हेंबर १९५३ पर्यंत चाललं. विषय ठरलेला होता: कामजीवन, संततिनियमन, आरोग्य आणि विवेकवाद. तो विषय सोडून लोकप्रिय गोष्टींकडे वळावं असं कर्व्यांना कधी वाटलं नाही. वाचकांची पत्रं यायची, त्यांत जे प्रश्न असायचे ते दुसरीकडे कुठे विचारण्याची सोय नव्हती, आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरं द्यायचे. अश्लीलतेचे खटले झाले, पैशाची ओढाताण कायम राहिली, तरी मासिक पाव शतकाहून जास्त काळ चाललं. एक माणूस, एक विषय, महिन्यातून एक अंक आणि वाचकाच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर. ब्लॉग वाढवण्याची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही.

आता शोधशब्दांकडे येऊ. ‘आधी कीवर्ड काढा’ हा सल्ला इंग्रजीतून जसाच्या तसा उचललेला आहे. इंग्रजीत कोट्यवधी लोक एकच गोष्ट ठरावीक शब्दांत शोधतात आणि त्यांची मोजणी करणारी साधनं बऱ्यापैकी काम करतात. मराठी माणूस कसा शोधतो? तो कधी देवनागरीत टंकतो, कधी रोमन अक्षरांत मराठी लिहितो, कधी अर्धं इंग्रजी घालतो, आणि आता फोनला तोंडाने विचारतो. ‘पुरणपोळी’ एका शब्दात येते आणि ‘पुरण पोळी’ दोन शब्दांतही. या सगळ्या रूपांत एकच मागणी विखुरते आणि साधनाच्या तक्त्यात प्रत्येकापुढे शून्याच्या आसपासचा आकडा दिसतो. तो पाहून मार्गदर्शक सांगतात की या विषयाला मागणी नाही.

मागणी आहे. ती तक्त्यात दिसत नाही, लोकांच्या बोलण्यात दिसते. एकच उदाहरण सविस्तर घेतो. वडील वारले, गावाकडे चार एकर जमीन आहे, मुलगा पुण्यात नोकरीला आहे, आणि सातबारावर वारसांची नावं लावायची आहेत. महाराष्ट्रात ही वेळ किती घरांवर येत असेल याचा विचार करा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची आहे. तिच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावं लागतं. कलम १५० प्रमाणे फेरफार नोंदवहीत नोंद होते, संबंधितांना नोटिसा जातात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. गाव नमुना सहा काय, सहा-क काय, सात आणि बारा काय, हे त्या मुलाला ठाऊक नसतं. कायद्याचं पुस्तक त्याला कळत नाही. इंग्रजी संकेतस्थळांवर जे मिळतं ते बहुतेक दुसऱ्या राज्याचं किंवा इतकं ढोबळ असतं की त्याचा उपयोग होत नाही. त्याला विचारायचं असतं की लग्न झालेल्या बहिणीचं नाव लावावंच लागतं का, तिने हक्क सोडायचा ठरवला तर साध्या कागदावर चालतं की नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळं लिहिलं गेलं असेल तर काय करायचं, नोंद कितपत पुढे गेली हे घरबसल्या कुठे दिसतं. हे सगळे प्रश्न एका पानावर, ओळीने, सोप्या मराठीत, कोणत्या कार्यालयात कोणाला भेटायचं यासकट लिहिले तर ते पान मरत नाही. पण ते एका संध्याकाळी लिहून होत नाही. कलमं तपासावी लागतात, स्वतःची किंवा नातेवाइकाची नोंद करताना आलेला अनुभव लागतो, चार जाणकारांना विचारावं लागतं. रोज लिहिणाऱ्याकडून हे पान कधीच लिहून होणार नाही.

आणि ते एकदा लिहून भागत नाही. उदाहरणार्थ, तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. लोकांच्या तोंडी तलाठीच आहे. म्हणजे पानावर दोन्ही शब्द हवेत, आणि ‘या तारखेला तपासून दुरुस्त केलं’ अशी ओळ वर हवी. जुनं पान दुरुस्त करणं हे नवं पान लिहिण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे, पण सल्ल्याच्या यादीत त्याचा उल्लेख कधी येत नाही, कारण त्याने लेखांची संख्या वाढत नाही. माझा आग्रह आहे की वर्षातले काही आठवडे नवं काहीही न लिहिता केवळ जुनं दुरुस्त करण्यात घालवावेत. सर्च कन्सोल नावाची गूगलची फुकट सोय आहे. लोक कोणते शब्द टंकून तुमच्या कोणत्या पानावर आले ते तीत दिसतं. शोधशब्दांचा एवढा एकच उपयोग मला मान्य आहे: लिहून झाल्यावर, वाचकाला जे हवं होतं ते पानावर आहे का, हे तपासण्यासाठी.

‘छोटं लिहा’ या सल्ल्याचंही याच उदाहरणात उत्तर मिळतं. ज्याला जमिनीच्या नोंदीची घाई आहे तो दोन हजार शब्द वाचतो, पुन्हा वाचतो, छापून काढतो. हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्याला पाचनईची वाट, खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट आणि बेलपाड्याहून नळीची वाट यांतला फरक कळायला हवा असतो. शेवटची एसटी किती वाजता, कोणत्या टाक्यातलं पाणी मे महिन्यापर्यंत टिकतं, कातळाचा कोणता टप्पा दोराशिवाय जमत नाही, हे त्याला इत्थंभूत हवं असतं. नळीच्या वाटेबद्दल तीनशे शब्दांत गुळगुळीत वर्णन करणं हा वाचकाच्या जिवाशी खेळ आहे. लांबी विषयाने ठरवायची असते. पाल्हाळ वाईट, पण पाल्हाळाच्या भीतीने माहिती गाळणं त्याहून वाईट.

विषय शीर्षकातच दिसावा, या बाबतीत मात्र मी मार्गदर्शकांच्या बाजूने आहे आणि मराठी ब्लॉग लिहिणाऱ्यांवर रागावतो. नळीच्या वाटेच्या उत्तम वर्णनाला ‘एक वेडी वाट’ असं नाव दिलेलं असतं. गडाचं नाव शीर्षकात नाही, पहिल्या परिच्छेदात नाही, थेट सातव्या परिच्छेदात येतं. ज्याला त्या माहितीची गरज आहे त्याला ती सापडणार कशी? कवितेला कवितेचं नाव द्या, माहितीला माहितीचं. आणखी एक अडचण देवनागरीत लिहिणाऱ्यांना भेडसावते, इंग्रजीत लिहिणाऱ्यांना नाही, म्हणून इंग्रजीतून आलेल्या मार्गदर्शनात तिचा मागमूसही नसतो. ब्लॉगरवर देवनागरी शीर्षक दिलं की लेखाचा पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असा बनतो. शेकडो मराठी लेखांचे पत्ते असे एकसारखे आहेत. वर्डप्रेसवर देवनागरी पत्ता बनतो, पण तो नकलून पाठवला की टक्केचिन्हांची लांबच लांब रांग होते आणि लोकांना तो दुवा घातकी वाटतो. उपाय साधा आहे. प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याच्या रकान्यात विषयाचे दोन-तीन शब्द रोमन अक्षरांत स्वतः लिहा. नंतर बदलू नका, जुने दुवे तुटतात. टंकनातही असाच एक घोळ आहे: ‘ऱ्या’मधला र दोन वेगळ्या संकेतांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला वेगळे. त्यामुळे ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द शोधणाऱ्याला तुमचा लेख सापडेलच असं नाही. टंकनाची एकच पद्धत धरून राहा. आणि मजकूर चित्रात घालू नका. रंगीत पार्श्वभूमीवर सुंदर अक्षरांत लिहिलेली पाककृती फोनवर छान दिसते, पण ती शोधात नीट सापडत नाही, अंध वाचकाला यंत्राकडून ऐकता येत नाही आणि नंतर दुरुस्त करता येत नाही.

मराठीचा हट्ट सोडा, या सल्ल्याला मी फार जागा देणार नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. इंग्रजीत लिहिलं तर वाचक जास्त आणि स्पर्धा त्याच्याही कित्येक पट. आरोग्य, पैसा, प्रवास या विषयांवर इंग्रजीत लिहिणारा मोठ्या कंपन्यांच्या पगारी लेखकांशी झुंजत असतो. मराठीत सातबारा, सहकारी गृहनिर्माण संस्थेचे उपविधी, पीकविमा, दहावीनंतरच्या शाखा, घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा, अशा कितीतरी विषयांवर नीट लिहिलेलं पान क्वचितच सापडतं. मोकळं रान समोर असताना गर्दीत घुसायला सांगणं हा सल्ला नव्हे.

पैशाचा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देणं अप्रामाणिकपणाचं होईल. मराठी पानांवरच्या जाहिरातींना इंग्रजीपेक्षा दर कमी मिळतो. केवळ जाहिरातींवर घर चालेल असं जो सांगतो त्याच्यापासून सावध राहा, विशेषतः ते सांगण्यासाठी तो तुमच्याकडून फी घेत असेल तर. पण नोकरी-व्यवसाय सांभाळून लिहिणाऱ्या माणसाला ब्लॉगमुळे त्याच्या विषयातली माणसं शोधत येतात: वकिलाला अशील, गिर्यारोहकाला त्याच्या मोहिमांसाठी माणसं, पाककृती लिहिणारीला पुस्तकाचा प्रकाशक, शिक्षकाला व्याख्यानाचं आमंत्रण. हे सगळं मिळतं ते विषयावरच्या पकडीमुळे. पानं किती वेळा उघडली गेली याच्या आकड्यावर ते ठरत नाही. दिनविशेष लिहिणाऱ्याकडे कोणीही सल्ला मागायला येत नाही.

आता व्हॉट्सॲप. ‘ब्लॉग मेला, लोक तिकडे आहेत, तिकडेच टाका’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो आणि सगळ्यात धोकादायक मला तेच वाटतं. संपूर्ण लेख तिथे टाकला की दुसऱ्या दिवशी त्याखालचं तुमचं नाव गेलेलं असतं. तिसऱ्या दिवशी ‘साभार’ किंवा ‘लेखक अज्ञात’ येतं, आणि आठवड्याने तो एखाद्या नामवंत डॉक्टरच्या किंवा साहित्यिकाच्या नावावर तुमच्याच गटात परत येतो. हा मराठी लेखकांचा रोजचा अपमान आहे आणि आपण तो निमूट सोसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाचा हक्क लिहिताक्षणी निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये आपल्या लेखनावर आपलं नाव असण्याचा हक्कही आहे. दुसऱ्या संकेतस्थळाने तुमचा लेख उचलला तर गूगलकडे तक्रार करून ते पान शोधातून काढायला लावता येतं. व्हॉट्सॲपवर मात्र कोणाला धरणार? म्हणून तिथे दोन परिच्छेद आणि दुवा द्या, पूर्ण लेख देऊ नका. दुसरी बाब त्याहून गंभीर आहे. पुढे ढकललेला मजकूर दुरुस्त करता येत नाही. नियम बदलतो, औषधाचा इशारा बदलतो, गडावरची वाट दरडीने बंद होते, आणि तुमच्या नावाचा किंवा निनावी झालेला जुना मजकूर फिरत राहतो. ब्लॉगवर तो तुम्ही एका क्षणात बदलू शकता.

फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्याबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की दुसऱ्याच्या जागेत घर बांधू नये. ऑर्कुटवर मराठी समुदाय केवढे मोठे होते! ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. जिओसिटीजवरची मराठी पानं २००९ मध्ये गेली. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं. ब्लॉगरवाल्यांनाही हे चुकलेलं नाही. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकल गाड्यांमधल्या स्फोटांनंतर सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली तेव्हा इंटरनेट कंपन्यांनी ब्लॉगरवरचे ब्लॉग जिथे दिसतात ते ‘ब्लॉगस्पॉट’च सगळं काही दिवस बंद केलं होतं. २०२१ च्या जुलैत ब्लॉगरवरची वाचकांना ईमेलने लेख पाठवण्याची सोय थांबली. ज्यांनी आपल्या वाचकांची यादी आधी उतरवून घेतली नाही त्यांना वर्षानुवर्षं जमवलेले वाचक एका फटक्यात गमवावे लागले. म्हणून स्वतःच्या नावाचा पत्ता (डोमेन) घ्या. त्याला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो आणि तो फुकटच्या ब्लॉगरलाही जोडता येतो. उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे गेलात तरी पत्ता तोच राहतो, दुवे तुटत नाहीत. त्याच्या नूतनीकरणाची तारीख घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा. वाचकांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने स्वतःजवळ ठेवा. एवढं केलं की समाजमाध्यमं खुशाल वापरा, लोकांना घराकडे आणण्यासाठी.

यंत्राकडून लेख लिहून घेण्याचा सल्ला या यादीत अलीकडे आला आहे. यंत्र जे लिहितं ते आधी कोणीतरी लिहिलेल्यावरून लिहितं, आणि मराठी विषयांवर मुळात लिहिलेलंच थोडं आहे. गडावरच्या टाक्यात पाणी आहे की नाही हे त्याने पाहिलेलं नसतं, तरी ते ठामपणे सांगतं. घाऊक प्रमाणात बनवलेली अशी पानं खाली ढकलण्याचं धोरण गूगलने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी शोधाच्या निकालांच्या वर यंत्राने लिहिलेली उत्तरंही दिसू लागली. म्हणजे व्याख्या आणि जुजबी माहिती देणाऱ्या पानांची गरज आता तशीही संपत आली आहे. पुढे टिकणार आहे ते स्वतः जाऊन, करून, विचारून लिहिलेलं.

एका गोष्टीवर मात्र मार्गदर्शक आणि लेखक दोघंही गप्प असतात. मराठी ब्लॉग एकमेकांना दुवे देत नाहीत. दुसऱ्याने त्याच विषयावर चांगलं लिहिलं असेल तर त्याचा उल्लेख टाळला जातो, जणू वाचक पळून जाईल. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ पासून उभं आहे ते हजारो लोकांनी एकमेकांच्या लेखनाला प्रतिसाद दिले म्हणून. तिथले जुने धागे आजही शोधात वर येतात. ब्लॉग लिहिणाऱ्यांनी हा स्वभाव घेतला पाहिजे. नळीच्या वाटेवर लिहिताना तुमच्या आधी ज्याने त्यावर उत्तम लिहिलं आहे त्याचा दुवा द्या. कोणी प्रतिक्रियेत चूक दाखवली तर आभार मानून लेखात ती दुरुस्ती नोंदवा. प्रश्न आला तर उत्तर द्या, आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्यावर स्वतंत्र पान लिहा. वाचकांच्या प्रश्नांना कर्वे अशीच उत्तरं देत.

ज्यांचे ब्लॉग पंधरा वर्षांपूर्वी जोमात होते आणि आता निजलेले आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दोन वर्षं न वापरलेली खाती पुसून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे आणि तुमचा ब्लॉगरवरचा ब्लॉग अशाच खात्याला जोडलेला आहे. आज जुना पासवर्ड शोधा, खातं उघडा. सेटिंगमधून संपूर्ण ब्लॉगची प्रत उतरवून दोन ठिकाणी ठेवा. खात्यात तुमच्या पश्चात कोणाला प्रवेश मिळावा याची नोंद करण्याची सोय आहे, ती भरा. लाज वाटते म्हणून जुने लेख पुसू नका. त्यांतला एखादा आजही कोणीतरी रोज शोधत असतो. तो निवडा, तपासा, दुरुस्त करा, वर आजची तारीख घाला. नवा लेख लिहायची घाई करू नका.